नाईलकाठचा लव्हाळा

ओढ्याच्या काठी, भातखाचराच्या बांधावर, पाटाच्या कडेला, जेथे म्हणून बारमाही ओल टिकते तेथे उगवणारा लव्हाळा अथवा मोथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? शेतकरी त्यास तण म्हणून ओळखतो, वैद्य त्याच्या सुगंधी गाठींमुळे मुस्ता म्हणून ओळखतो, आणि संतवाणी ऐकत वाढलेल्या घरांत तो नम्रतेचा दृष्टांत म्हणून परिचित असतो. सर्वजण त्यास गवत म्हणतात. वस्तुतः तो गवत नव्हे. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरविला म्हणजे तीन कडा हातास लागतात. गवताचा दांडा वाटोळा, पेरापेरांचा व बहुधा पोकळ. ह्याचा त्रिधारी, बिनपेरांचा आणि आत गराने भरलेला. वनस्पतिशास्त्रात ह्या कुलास मुस्ता कुल असेच नाव आहे. ह्याच कुलातील एका वनस्पतीने सुमारे चार हजार वर्षे मानवजातीचे लेखन आपल्या अंगावर वाहिले. पुढे स्वतःच्या मायभूमीतून ती अशी नाहीशी झाली की, परदेशच्या बागांतून आणि दलदलींतून तिला परत आणावे लागले. ती वनस्पती म्हणजे मिसरचा पपायरस.

पपायरस हा आकाराने ह्या कुलातील राजाच म्हटला पाहिजे. पाणी, ऊन आणि गाळ ही तिन्ही मनाजोगती लाभली म्हणजे तो दहा हात, म्हणजे पंधरा फूट, उंच वाढतो. त्यास पाने अशी नसतातच म्हटले तरी चालेल. बुडाशी काही तपकिरी खवले असतात तेवढीच. हिरवा, गुळगुळीत दांडा सरळ वर जातो आणि त्याच्या टोकाशी केसांसारख्या बारीक हिरव्या तंतूंचा मोठा झुबका फुटतो. पानांचे काम हा दांडा आणि हे तंतूच करतात. खाली गाळात मनगटाएवढा जाड गड्डा आडवा सरकत असतो. त्यातून खाली मुळे सुटतात आणि वर दांडे निघतात. हे वर्णन आजचे नाही. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस ह्याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात पपायरसचे वर्णन केले आहे आणि मनगटाची उपमा त्याचीच आहे. ह्या वनस्पतीस दोन हात खोलीपर्यंतचे पाणी मानवते, हेही त्याने नमूद केले आहे. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने हेच माप पुन्हा दिले. आजच्या माळ्यानेही त्यात फारसा बदल करण्याचे कारण नाही.

प्राचीन मिसरात पपायरस नव्हता असा संसाराचा कोपरा नव्हता. त्याच्या दांड्यांच्या मोळ्या बांधून होड्या होत. सालीचे दोर, चटया, टोपल्या, पायताणे आणि शिडे होत. वाळलेले गड्डे सरपण म्हणून जळत आणि त्यांतून भांडीही कोरली जात. कोवळ्या दांड्याचा बुडखा लोक उसासारखा चघळत, रस गिळून चोथा थुंकून टाकीत. आणि हेरोडोटस सांगतो की, ज्यांना त्याची खरी लज्जत घ्यावयाची असे ते तो तापलेल्या भट्टीत भाजून खात. चित्रलिपीत पपायरसच्या दांड्याचे चिन्ह हिरवेपणा आणि टवटवी ह्या अर्थी येते. कर्नाकच्या देवळातील सभामंडपात १३४ स्तंभ आहेत. त्यांपैकी मधले बारा उमललेल्या पपायरसच्या आकाराचे आणि बाकीचे त्याच्या मिटलेल्या कळीच्या आकाराचे आहेत. पपायरसच्या त्या दगडी बनात शिरलेल्या मनुष्यास पाण्याचा भास व्हावा, असा तो घडविणाऱ्यांचा हेतू असावा.

परंतु ह्या सर्वांहून मोठा उपयोग लेखनाचा. सक्कारा येथे पहिल्या राजवंशातील हेमाका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात पपायरसची एक गुंडाळी मिळाली. ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे आणि कोरी आहे. लिहिलेल्या गुंडाळ्यांपैकी सर्वांत जुन्या २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल् जर्फ येथे सापडल्या. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. खूफू राजाच्या महापिरॅमिडसाठी तुरा येथील खाणींतून चुनखडीचे चिरे होडीतून गीझापर्यंत वाहून नेण्याचे काम त्याच्या टोळीकडे होते. आज कोठे मुक्काम झाला, किती खेपा झाल्या, अशा नोंदी त्याने केल्या. जगातील सर्वांत जुनी लिखित गुंडाळी ही कोणा राजाची प्रशस्ती नसून कामाची वही आहे, ही गोष्ट इतिहासप्रेमी मनुष्यास मोठी सुखद वाटल्यावाचून राहणार नाही.

कागद तयार करण्याची कृती ऐकावयास सोपी आहे. दांड्याची हिरवी साल काढली म्हणजे आत भेंड निघते. लग्नातील बाशिंगासाठी आपल्याकडे जे भेंड वापरतात तसेच ते पांढरे आणि हलके असते, मात्र ओले व चिकट. त्याच्या पातळ पट्ट्या काढावयाच्या, त्या कडेला कड लावून मांडावयाच्या, त्यांवर दुसरा थर आडवा घालावयाचा, आणि दाबून अथवा ठोकून ते पान उन्हात वाळवावयाचे. प्लिनीची समजूत अशी होती की, नाईलचे गढूळ पाणीच त्यात खळीचे काम करते. ही समजूत खरी नाही. वनस्पतीचा स्वतःचा रसच दोन थरांना जोडतो. पट्ट्या सुईने काढीत असे प्लिनीने लिहून ठेवले आहे, आणि ह्या एका शब्दावर विद्वानांचा वाद अद्याप चालूच आहे: दांडा उभा चिरीत, की त्याच्या गाभ्यासभोवती सुई फिरवून पापुद्रा सोलीत? ज्या कलेवर अर्ध्या जगाचे दप्तर चालले, तिची कृती शोधण्यासाठी पुढच्या पिढ्यांना एका परक्या ग्रंथकाराच्या एका शब्दाचा कीस काढावा लागावा, ही गोष्ट साधी नव्हे. ज्यांनी शतकानुशतके ते काम हातांनी केले, त्यांच्यापैकी कोणी आपली कृती लिहून ठेवल्याचे आढळत नाही. आणि लिहावयाची पाने तर तेच तयार करीत होते.

आता प्रश्न असा की, हा पपायरस मिसरात आपोआप उगवत होता, की त्याची लागवड होत असे? आरंभीच्या काळात नाईलच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेशात त्याची रानेच्या राने होती. परंतु ग्रीक आणि रोमन अमदानीत त्याचे पीक झाले होते, ह्याबद्दल शंका राहत नाही. पपायरसच्या पाणथळ जमिनी खंडाने देण्याघेण्याचे करार त्या काळच्या कागदपत्रांत आढळतात. इसवी सन १७४ मधील एका पावतीत पपायरसच्या वीस हजार दांड्यांच्या किमतीची नोंद आहे. भूगोलकार स्ट्रॅबो ह्याने तर एक फार बोलकी हकीकत दिली आहे. ज्यांना आपले उत्पन्न वाढवावयाचे असे ते पपायरस पुष्कळ ठिकाणी वाढूच देत नसत. माल दुर्मिळ झाला की भाव चढे, त्यांचा लाभ होई आणि सामान्य जनांचे नुकसान होई. व्यापाऱ्यांची ही युक्ती आपण समजतो तशी अलीकडची नाही. टायबेरियस बादशहाच्या कारकीर्दीत रोममध्ये कागदाची अशी टंचाई पडली की, त्याची वाटणी करण्यासाठी सिनेटच्या सभासदांतून पंच नेमावे लागले. ही हकीकतही प्लिनीचीच.

जे पीक म्हणून राखले जाते, त्यास निगा लागते. पपायरसची निगा कठीण नाही, परंतु तीत खंड पडून चालत नाही. त्यास दिवसभर ऊन हवे. पाणी साचलेले किंवा मंद वाहणारे हवे. धारेला लागला तर गड्डा गाळासकट वाहून जातो. बागेत लावावयाचा तर बिनछिद्राची रुंद तोंडाची कुंडी किंवा उथळ हौद घ्यावा, त्यात नदीकाठचा पोयटा भरावा आणि मातीवर चार बोटे पाणी सतत राखावे. गड्ड्याचा तुकडा लावताना तो उभा खोचू नये. आडवा ठेवून, वाढते टोक मोकळ्या जागेकडे करून, वरून जेमतेम चिखल घालावा. बी अतिशय बारीक असते. ते ओल्या चिखलावर नुसते भुरभुरावे, मातीखाली पुरू नये. दांडा पिवळा पडू लागला म्हणजे तो मुळाशी कापावा, मध्ये तोडू नये. कारण तोडलेल्या दांड्यास पुन्हा फूट येत नाही, नवा दांडा येतो तो गड्ड्यातूनच. दोनतीन वर्षांत दाटी होऊन बेटाचा मध्य मरू लागतो. तेव्हा सारे उपटून, गड्डे फोडून, बाहेरच्या कडेचे जोमदार तुकडे पुन्हा लावावे. झुबक्याच्या भारामुळे वाऱ्यात दांडे मोडतात, म्हणून आडोसा पाहावा. थंडीचा कडाका त्यास सोसत नाही. युरोपातील बागांत म्हणूनच त्यास हिवाळ्यात काचघरात हलवितात. आपल्याकडील बंगल्यांच्या हौदांत छत्रीसारख्या पानांचे एक लहान झाड पुष्कळदा दिसते, ते ह्याचेच चुलत भावंड. रोपवाटिकांत त्यास चुकीने पाम म्हणतात. त्याची छत्री कापून पाण्यात पालथी ठेवली तरी तिला मुळे फुटतात. पपायरस इतका सोशिक नाही.

तोडणीचेही एक गणित आहे. दांडे वाढून त्यांतील सत्त्व गड्ड्यात उतरण्यापूर्वीच वारंवार कापणी केली तर गड्डा उपाशी पडतो आणि बेट खंगत जाते. अजिबात कापणी केली नाही तर वाळलेल्या दांड्यांचा खच साठतो आणि त्या दाटीत नव्या कोंबांस उजेड मिळत नाही. थोडक्यात, ह्या पिकास अधाशी धनी सोसत नाही आणि आळशी धनीही सोसत नाही. मिसरच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या ह्या दोहोंमधील वाट सांभाळली होती.

मग ती सुटली कशी? चीनमध्ये चिंध्या आणि सालींच्या लगद्यापासून कागद करण्याची कला निघाली, ती आठव्या शतकात समरकंदमार्गे अरबांच्या हाती आली आणि दहाव्या शतकापर्यंत मिसरातच नवा कागद पपायरसला भारी ठरला. तो कोठेही करता येई; त्यास नाईलची दलदल लागत नसे. रोममध्ये पोपच्या दप्तराने जुन्या रिवाजाप्रमाणे अकराव्या शतकापर्यंत पपायरसचा मान राखला, परंतु तो केवळ मानच होता. शब्दांच्या बाबतीत मात्र मोठी गंमत झाली. हरलेल्या पपायरसचे नाव युरोपात जिंकणाऱ्या वस्तूस चिकटले. इंग्रजीतील पेपर हा शब्द त्यापासूनच आला. ग्रीक लोक पपायरसला बिब्लॉस म्हणत, त्यावरून बायबल हे नाव निघाले. मराठीतील कागद हा शब्द मात्र फारसीतून आलेला आहे आणि तो त्या प्रतिस्पर्ध्याचा, म्हणजे नव्या कागदाचाच आहे. आपल्या भाषेने पपायरसला कधी पाहिलेच नाही.

मागणी संपली तशी निगा संपली. पाणथळ जमिनी उपसून त्यांत धान्य पिकविणे अधिक फायद्याचे झाले. ज्या देशात वितीवितीच्या जमिनीवर नांगर फिरतो, तेथे बेवारशी वनस्पतीस जागा कोण देणार? नाईलच्या वरच्या अंगास, दक्षिण सुदानातील अफाट दलदलीत, पपायरस आजही मैलोगणती माजलेला आहे. त्या दलदलीस सुद्द, म्हणजे अडथळा, असे अरबी नाव आहे. नाईलचा उगम शोधण्यास नीरो बादशहाने पाठविलेले रोमन शिपाई अशाच एका दुस्तर दलदलीपाशी अडून परत फिरले. एकाच नदीच्या एका टोकाला ही वनस्पती वाट अडवीत होती आणि दुसऱ्या टोकाला औषधालाही मिळेनाशी झाली. १७९८ साली नेपोलियनबरोबर मिसरात गेलेल्या विद्वानांना भिंतीभिंतींवर कोरलेला पपायरस दिसे, पाण्यात मात्र त्याचे दर्शन दुर्मिळ झाले होते. त्याच्या काही वर्षे आधी, १७९० साली, जेम्स ब्रूस ह्या स्कॉटिश प्रवाशाने आपले प्रवासवृत्त प्रसिद्ध केले, त्यात हबसाणातील पपायरसची आणि त्याच्या होड्यांची माहिती आली आहे.

ह्या मधल्या काळात पपायरस युरोपच्या भूमीवर तग धरून होता तो सिसिली बेटात. तेथे तो कोणी नेला ह्याविषयी मतभेद आहेत. कोणी टॉलेमी राजांचे नाव घेतात, कोणी अरबांचे. दहाव्या शतकातील अरब प्रवासी इब्न हौकल ह्याने पालेर्मो शहराजवळ पपायरस पाहिला. त्याचा बहुतेक भाग जहाजांच्या दोरांसाठी जाई आणि थोडा सुलतानाच्या कागदासाठी, असे तो लिहितो. त्या ओढ्याचे नावच पुढे पापिरेतो पडले. १५९१ साली रोगराईच्या भयाने तो बुजविण्यात आला आणि पालेर्मोचा पपायरस गेला. सिराक्यूझजवळील चियाने नदीच्या काठी मात्र तो उरला. १७५२ साली ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या निघाल्या आणि साऱ्या युरोपात ह्या विषयाचे कुतूहल जागे झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात सिराक्यूझ येथील सावेरिओ लांदोलिना ह्या गृहस्थाने प्लिनीचा ग्रंथ पुढ्यात ठेवून आणि चियाने नदीचे दांडे कापून आणून पपायरसचा कागद पुन्हा तयार केला. त्यानंतर त्या नगरात ही कला एक हौस म्हणून का होईना, चालू राहिली. तेथील अरेथूसा नावाच्या प्रसिद्ध झऱ्याच्या कुंडात पपायरसची बेटे आजही डोलताना दिसतात.

हौसेची थोरवी येथे ध्यानात येते. ज्या बादशहांच्या हुकुमांनी पपायरसचे भारे जगभर गेले, त्यांपैकी एकानेही पुढच्या काळासाठी एक वाफा राखून ठेवला नाही. तो राखला बागवानांनी, शोभेसाठी. पॅरिस, लंडन इत्यादी नगरांच्या वनस्पतिबागांत पपायरस काचघरात जपला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खेदिव इस्माईल ह्याच्या अमदानीत, पॅरिसच्या बागेतून रोपे आणून ती कैरोच्या बागांत लावण्यात आली. नाईलची लेक परदेशच्या काचघरातून कुंडीत बसून माहेरी आली ती अशी! परंतु ती शोभेपुरतीच राहिली. नॉर्वेच्या थॉर हेयरडालने १९६९ साली पिरॅमिडांच्या पायथ्याशी पपायरसची होडी बांधविली, तेव्हा त्यासाठी लागणारे भारे त्यास इथिओपियातील ताना सरोवरावरून आणावे लागले. होडीपुरता पपायरस मिसरात नव्हता. ती पहिली होडी अटलांटिकमध्ये निकामी झाली. पुढच्या वर्षी बांधलेली दुसरी मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून ५७ दिवसांत बार्बाडोस बेटास पोचली.

मिसरात ह्या वनस्पतीस पुन्हा शेतात उभे करण्याचे श्रेय हसन रगब ह्यांचे. ते अभियंता होते, सैन्यात अधिकारी होते आणि १९५६ साली चीनमध्ये मिसरचे पहिले राजदूत म्हणून गेले. तेथे हाताने कागद करणारी कुटुंबे पाहून त्यांच्या मनात आले की, ज्या देशाने जगास पहिला कागद दिला त्याच्या हाती आज काय उरले आहे? परत आल्यावर त्यांनी सुदानातून पपायरसचे गड्डे आणविले, कैरोजवळ नाईलमधील बेटावर त्यांची लागवड केली आणि पट्ट्या काढण्याची, भिजविण्याची व दाबण्याची कृती पुन्हा पुन्हा करून बसविली. १९६८ साली त्यांनी पपायरस संस्था स्थापन केली. प्रवाशांना विकण्यासाठी चित्रे रंगविलेली पाने तेथून निघू लागली आणि पाहता पाहता त्यांच्या नकलाही निघाल्या. केळीच्या सोपटांच्या पानांवर पपायरस म्हणून शिक्का मारणारे दुकानदार कैरोत कमी नाहीत. शर्किया प्रांतातील अल् करामूस गावच्या शेतकऱ्यांनी हे पीक शेतात घेतले आणि घरोघर कागद तयार होऊ लागला. २०११ सालच्या राज्यक्रांतीनंतर प्रवाशांचा ओघ आटला, तेव्हा त्यांपैकी अनेकांना हा धंदा सोडावा लागला.

रगब ह्यांची संस्था उभी राहिली त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस वाळवंटात वादी नत्रून नावाचा सखल भाग आहे. प्रेते टिकविण्यासाठी लागणारा खार प्राचीन मिसरी लोक तेथून नेत. तेथील खारट तळ्यांच्या परिसरात, जेथे गोड्या पाण्याची ओल आहे अशा जागी, नबील अल् हदीदी ह्या मिसरी वनस्पतिशास्त्रज्ञांस रानटी पपायरसची थोडीशी झाडे आढळली. साऱ्या देशातून नाहीशी झाली असे जिच्याविषयी मानले जात होते, ती वनस्पती त्या कोपऱ्यात उभी होती. ह्या पपायरसची पुढे निराळी उपजाती मानण्यात आली आणि तिला हदीदी ह्यांचेच नाव देण्यात आले.